अपघात कोणाच्या हातून, दोष कोणाच्या माथी?

'अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार ठार.' वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, अगदी तळाशी, चार ओळींत छापून येणारी ही बातमी आपण आजवर किती वेळा वाचली असेल? मृताचे नाव असते, वय असते, 'मजूर', 'सुरक्षारक्षक', 'सफाई कामगार' असा व्यवसायही असतो. अज्ञात असते ते फक्त वाहन! मरणारा माहीत आणि मारणारा अज्ञात, असा हा आपल्या रस्त्यांचा न्याय आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत पादचारी ३२ हजारांहून अधिक आणि सायकलस्वार पावणेपाच हजारांच्या वर होते. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनांनी त्याच वर्षी ३० हजारांवर माणसे मारली. या अहवालात वाहनाचा प्रकार आहे, रस्त्याचा प्रकार आहे, पाऊस होता की ऊन होते हेही आहे. मेलेला माणूस महिन्याला किती कमावत होता आणि कोणत्या वस्तीतून निघाला होता, एवढे मात्र त्यात नाही.

पण ते कळायला अहवाल कशाला हवा? पहाटे पाचला शहराच्या कोणत्याही मोठ्या रस्त्यावर उभे राहा. झाडूवाले, दूधवाले, पेपर टाकणारी पोरे, रात्रपाळी करून परतणारे वॉचमन, औद्योगिक वसाहतीतील पहिल्या पाळीचे कंत्राटी कामगार सायकलवर दिसतील. झोपडपट्टी हटली, पुनर्वसन शहराच्या टोकाला झाले, कामाचे ठिकाण होते तिथेच राहिले. मधल्या अंतराची किंमत या माणसांनी आपल्या पायांनी चुकवली आणि कधीकधी जीव देऊन चुकवली.

त्याच रस्त्यावर आता दुसरा सायकलस्वारही आला आहे. तो आरोग्यासाठी, हौसेसाठी महागडी सायकल चालवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी मुंबईच्या पाम बीच मार्गावर एका नामांकित संगणक कंपनीचे भारतातील माजी प्रमुख पहाटे सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेने मृत्युमुखी पडले. देशभर बातमी झाली, अग्रलेख आले, सायकलस्वारांच्या सुरक्षेची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. मृत्यूत उच्चनीच नसतो आणि त्या कुटुंबाचे दुःख कोणाहून कमी नाही. प्रश्न एवढाच, की त्या वर्षी मेलेल्या हजारो मजूर सायकलस्वारांपैकी कितींच्या मृत्यूने अशी चर्चा घडवली?

चाळीसगावचा टांगा

अपघाताला जबाबदार कोण, या प्रश्नाचा सगळ्यात मोठा धडा आपल्याला बाबासाहेबांच्याच आयुष्यात सापडतो. साल १९२९. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशातील काम आटोपून परतताना चाळीसगावच्या महार बांधवांनी त्यांना आग्रहाने उतरवून घेतले. स्टेशनपासून महारवाड्यापर्यंत न्यायला टांगा हवा होता. पण एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी, की टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा! ज्याने कधी टांगा हाकला नव्हता अशा एका महार बांधवाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या पुलावर टांगा कलंडला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतः हा प्रसंग नोंदवून ठेवला आहे.

आता सांगा, या अपघाताचा आरोपी कोण? आज पोलीस आले असते, पंचनामा झाला असता आणि निष्काळजीपणे वाहन चालवल्याचा गुन्हा त्या बिचाऱ्या महार बांधवावर दाखल झाला असता. कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे ते बरोबरही ठरले असते, कारण लगाम त्याच्याच हातात होता. ज्या टांगेवाल्यांनी जातीच्या घमेंडीपायी टांगा हाकायचे नाकारले, त्यांचे नाव फिर्यादीत कुठेच आले नसते. कायद्याला शेवटचा हात दिसतो. त्या हातात लगाम कोणी दिला, का दिला, हे त्याला दिसत नाही.

मोटारवाला आणि सायकलवाला यांच्या संघर्षात आज नेमके हेच चालले आहे.

तुरुंगाची भाषा

दीडशे वर्षे भारतीय दंड विधानाचे कलम ३०४ अ या प्रकरणांना लावले जात होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर जास्तीत जास्त दोन वर्षे कैद. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि कलम १०६ (१) ने ही मर्यादा पाच वर्षांवर नेली. त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात, पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा लिहिली आहे. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ट्रकचालक रस्त्यावर उतरले, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने माघार घेतली आणि संहिता लागू करताना हा भाग बाजूला ठेवला.

त्या वेळी शहरी मध्यमवर्ग म्हणाला, 'हे ड्रायव्हर माजले आहेत, त्यांना दहा वर्षेच हवीत!' आंबेडकरी चळवळीने या सुरात सूर मिळवू नये. ट्रकच्या स्टिअरिंगवर कोण बसलेला असतो? तोही बहुधा आपल्यासारख्याच घरातला, गाव सोडून आलेला, खेपेवर पैसे मिळवणारा माणूस असतो. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ सालचा होता, २०२५ पर्यंत तो लागू होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तो कायदा पाळणारे मालक किती होते? चौदा-सोळा तास गाडी चालवून डोळा लागलेल्या चालकाच्या चाकाखाली रात्रपाळीचा वॉचमन येतो, तेव्हा दोन्हीकडे गरीबच असतो. एक मरतो, दुसरा तुरुंगात जातो. गाडीचा मालक, खेप वेळेत पोचवण्याचा तगादा लावणारा ठेकेदार आणि दिवे नसलेला रस्ता बांधणारा अधिकारी हे तिघेही आपापल्या घरी सुखरूप असतात. चाळीसगावचे टांगेवाले होते तसेच!

स्टिअरिंगवर धनदांडग्याचा पोरगा असला, की हाच कायदा कसा मवाळ होतो तेही महाराष्ट्राने पाहिले. मे २०२४ मध्ये पुण्यात आलिशान मोटारीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांना चिरडले. अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर काही तासांत जामीन मिळाला. जनक्षोभ उसळल्यावर तो आदेश बदलला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. तपासच पोखरला गेला तर कलमात दोन वर्षे लिहिली काय आणि दहा लिहिली काय, फरक कोणाला पडणार? शिक्षेचा आकडा वाढवणे सरकारला फुकट पडते. तपास नीट करणे, दिवे लावणे, सायकलसाठी जागा सोडणे यांना पैसा आणि नियत लागते.

मेलेल्या माणसाचा भाव

फौजदारी खटला वर्षानुवर्षे चालतो. मागे राहिलेल्या बाईला त्यातून भाकर मिळत नाही. तिचा खरा आधार म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. सायकलला विमा नसतो, परवाना नसतो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत सायकल बसतच नाही. तरीही धडक देणाऱ्या मोटारीच्या विम्यातून सायकलस्वाराला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मिळण्याचा हक्क आहे, कारण तो कायद्याच्या भाषेत 'त्रयस्थ पक्ष' आहे.

पण ही भरपाई ठरते कशी? सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ च्या निकालांत तिचे सूत्र घालून दिले. मृताचे मासिक उत्पन्न घ्यायचे, भविष्यातील वाढ मिळवायची, त्याचा स्वतःचा खर्च वजा करायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा, पगारपत्रक नसलेला वॉचमन, मागे चार अवलंबून. प्रत्यक्षात तो महिना १५ हजार कमावत होता, पण पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणाने अंदाजे ८ हजार धरले. त्यात ४० टक्के वाढ, म्हणजे ११,२००. वर्षाचे १,३४,४००. चौथा हिस्सा वजा, राहिले १,००,८००. गुणिले १५, म्हणजे १५ लाख १२ हजार. हाच हिशेब १५ हजार धरून केला तर २८ लाख ३५ हजार होतात. एका कागदाची किंमत १३ लाख २३ हजार रुपये! ठेकेदाराने पगाराची चिठ्ठी दिली नाही, रोखीने पैसे हातावर ठेवले, भविष्य निर्वाह निधी भरला नाही. जिवंतपणी त्याने कामगाराला लुटले आणि मेल्यावर त्याच्या लेकरांनाही लुटले.

एवढ्यावर भागत नाही. विमा कंपनीचा वकील उठतो आणि म्हणतो, 'सायकलला दिवा नव्हता. सायकलस्वार उलट्या दिशेने येत होता. दोष त्याचाही आहे.' न्यायाधिकरणाने पंचवीस टक्के दोष मृताच्या माथी टाकला, की १५ लाखांचे ११ लाख ३४ हजार उरतात. सायकलवाले नियम मोडतच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. उलट्या दिशेने येणारे असतात, दिव्याविना येणारेही असतात. पण महामार्गावर दोन-दोन किलोमीटर दुभाजक फोडलेला नसेल, तर कामावर उशीर झालेला माणूस काय करील? शिवाय वीस किलोची सायकल आणि वीस टनांचा ट्रक यांची चूक एकाच तराजूत कशी तोलता येईल?

दुबळ्याच्या बाजूने तराजू झुकवणे, हे काही अजब मागणे नाही. फ्रान्समध्ये न्यायमंत्री रॉबेर बादाँतेर यांनी १९८५ मध्ये आणलेल्या कायद्याने पादचारी व सायकलस्वाराला इजेची भरपाई जवळजवळ हमखास मिळते. त्याची अक्षम्य चूकच अपघाताचे एकमेव कारण होती, असे सिद्ध झाले तरच ती नाकारता येते. हॉलंडमध्येही मोटारवाल्याला जबाबदारी सहजासहजी झटकता येत नाही आणि १४ वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर ती जवळजवळ पूर्ण त्याच्यावरच येते. आपल्याकडे कलम १६४ खाली दोष सिद्ध न करता भरपाई मिळते, पण मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख, एवढीच. ज्याच्या हातात धोका आहे त्याच्यावर जबाबदारी अधिक, हे तत्त्व आपल्याला नवे वाटू नये. समान नसलेल्यांना समान वागवणे म्हणजे समता नव्हे, हा तर आपल्या चळवळीचा पहिला पाठ आहे.

रस्ता कोणाचा?

भारतीय संविधानाचे कलम १५ (२) काढून पाहा. विहिरी, तलाव, स्नानघाट आणि त्यांच्याच रांगेत 'रस्ते' हा शब्द तिथे आहे. तो उगाच आलेला नाही. १९२४ साली वायकोमला मंदिराभोवतीच्या रस्त्यावरून चालण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९२७ साली महाडला पाण्यासाठी करावा लागला. रस्ता आणि पाणी हे दोन्ही लढे एकाच माणूसपणाचे होते.

आणि सायकल? तामिळनाडूतील अनेक गावांत दलिताने सवर्णांच्या आळीतून जाताना सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यायची, असा दंडक होता. म्हणूनच अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली तेव्हा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून अडवणे, हा स्वतंत्र गुन्हा ठरवला गेला. सायकलला या देशात एवढा इतिहास आहे. आपल्या चळवळीतही सायकलवर पत्रके घेऊन गावोगाव फिरणारे, चळवळ वाड्यावस्त्यांवर पोचवणारे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत होऊन गेले.

गावात सायकलवरून जातीने उतरवले. शहरात आता मोटार उतरवते. कोलकात्यात २०१३ साली पोलिसांनी १७४ रस्त्यांवर सायकलबंदी लादली. दूधवाले, पेपरवाले, फेरीवाले दंड भरत राहिले. विरोध झाल्यावर पुढे यादी कमी करावी लागली. त्याच राज्याच्या सरकारने २०१५ मध्ये शाळेच्या मुलामुलींना सायकली वाटण्याची योजना आणली. सायकल घ्या, पण शहराच्या रस्त्यावर आणू नका, असा हा कारभार! आणि एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात काय आहे? महापालिकेने २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. पण सायकल मार्ग म्हणून रंगवलेल्या पट्ट्यांवर ठिकठिकाणी मोटारी उभ्या असतात, मध्येच विजेचा डीपी येतो, मध्येच मार्ग संपतो. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल होती आणि मोटार ४.७ टक्के कुटुंबांकडे. बहुमत कोणाचे आणि रस्ता कोणाचा?

कायद्यात मात्र एक फट उघडली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३८ (१ अ) आले. पादचारी आणि सायकलीसारखी बिगरयांत्रिक वाहने यांच्यासाठी राज्य सरकारांनी नियम करावेत, असा त्याचा आशय. कोइमतूरच्या एका डॉक्टरांनी २०१२ पासून लढवलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करण्यास सांगितले. या कलमाला दोन्ही धारा आहेत, हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. सायकलस्वाराला जागा देण्यासाठी नियम होऊ शकतात आणि 'सुरक्षेच्या' नावाखाली त्याला रस्त्यावरून हाकलण्यासाठीही! नियम करताना टेबलाभोवती कोण बसतो, यावर ते ठरेल. तिथे महागड्या सायकलींचे क्लब असतील, मोटार कंपन्या असतील. पहाटेचा झाडूवाला असेल का? तो नसेल तर त्याच्या संघटनेने जाऊन बसले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

रोष व्यक्त करणे सोपे आहे. पण वस्तीत अपघात झाला, की पहिल्या चोवीस तासांत कोणी जाणता माणूस कुटुंबाजवळ असणे, हे शंभर भाषणांपेक्षा मोलाचे आहे. प्रथम खबर नोंदली गेली का, तिची प्रत मिळाली का, हे पाहावे. पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक अपघात अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्याचा पाठपुरावा करावा. जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोखविरहित उपचार देणारी योजना केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केली आहे. 'आधी पैसे भरा' म्हणणाऱ्या रुग्णालयात तिचे नाव घेऊन उभे राहावे.

वाहन सापडलेच नाही, तरीही सर्व संपत नाही. मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापतीस पन्नास हजार रुपये एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मिळतात. अर्ज त्या भागाच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे जातो आणि जिल्हाधिकारी मंजुरी देतात. वर्षाला तीस हजार माणसे अशी मारली जातात, पण दावे त्या मानाने फार थोडे येतात. लोकांना योजना माहीतच नाही, याची दखल खुद्द सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये घेतली आणि ती कळवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. पोलीस कळवतील तेव्हा कळवतील. आपल्या बुद्ध विहाराच्या फलकावर ही माहिती लिहायला कोणाची परवानगी लागते?

वाहन सापडले असेल तर दावा सहा महिन्यांत दाखल करावा. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. चालक फौजदारी खटल्यातून सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, कारण तिथे पुराव्याची कसोटी सौम्य असते. उत्पन्नाचा कागद नाही म्हणून वकील हताश झाला, तर त्याला २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवावा. भाजी विकणाऱ्या माणसाकडून उत्पन्नाच्या कागदाची अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाने त्यात मान्य केले आहे. आणि जिवंत असतानाच कामगाराने पगार बँकेत घ्यावा, ओळखपत्र मागावे, सायकलच्या मडगार्डला लाल परावर्तक आणि पुढे दिवा लावावा. काही रुपयांची ती पट्टी जीव वाचवील आणि उद्या विमा कंपनीच्या वकिलाचे तोंडही बंद करील.

शेवटी पुन्हा चाळीसगाव. पाय मोडून अंथरुणावर पडलेल्या बाबासाहेबांनी टांगा हाकणाऱ्या बांधवाला बोल लावला नाही. अपघात का झाला याची त्यांनी चौकशी केली, तेव्हा टांगेवाल्यांचा नकार त्यांना कळला. आपणही तेवढेच करायचे आहे. धडक देऊन पळणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी. पण ती झाली म्हणून चौकशी थांबवता कामा नये. पुलावर टांगा कोणी कलंडवला हे विचारून झाले, आता लगाम अनाडी हातात यायची वेळ कोणी आणली, हे विचारले पाहिजे.